लॉरी बेकर स्मरण कार्यक्रम: नमुन्याची भिंत, प्रार्थना आणि माहितीपत्रक (मदत हवी)

कोनाडा (प्रश्न)

2 मार्चला वास्तुविशारद लॉरी बेकर यांची जयंती. त्या संध्याकाळी दीड तासाचा कार्यक्रम ठरतो आहे. निम्मे श्रोते वास्तुरचनेचे विद्यार्थी, निम्मे चर्चमधली ज्येष्ठ मंडळी. पहिल्यांना बेकर म्हणजे विटांच्या जाळ्या एवढेच माहीत, दुसऱ्यांना ते ‘आपल्यातले’ होते एवढेच.

अडलेल्या गोष्टी अशा:

1) माहितीपत्रकाच्या मसुद्यात ‘थोर मिशनरी व गरिबांचे वास्तुविशारद’ असे लिहून आले आहे. काहीतरी खटकते, पण नेमके काय बदलू?

2) सभागृहात रॅट-ट्रॅप भिंतीचा (विटा कडेवर उभ्या करून मधे पोकळी ठेवलेल्या भिंतीचा) साडेतीन फूट लांबीचा नमुना बांधायचा आहे. विटा किती, माल कोणता, किती दिवस आधी? गवंडी अनुभवी आहे, पण हा बांध (विटा रचण्याची ही पद्धत) त्याने केलेला नाही.

3) सुरुवातीची प्रार्थना कोणती ठेवावी? दोन भजने आणि एक बायबल वाचन असा विचार आहे.

4) पत्नी डॉ. एलिझाबेथ यांच्याबद्दल सगळीकडे एकच ओळ सापडते, ‘त्यांनी मोलाची साथ दिली’. यापेक्षा नीट काही सांगता येईल का?

---

पाणसळ

पहिल्या मुद्द्यापुरते.

‘मिशनरी’ हा शब्द ऐकला की आपल्याकडे धर्मप्रसारक डोळ्यांसमोर येतो. बेकर 1945 मध्ये भारतात आले ते कुष्ठरोग्यांसाठी काम करणाऱ्या मिशनचे वास्तुविशारद म्हणून. कुष्ठरोग्यांना समाजाबाहेर ठेवण्यासाठी बांधलेल्या जुन्या आश्रयस्थानांची उपचार करणारी रुग्णालये करायची, हे काम होते. तेच आणि तेवढेच लिहा. ‘थोर’ काढून टाका, वाक्य आपोआप वजनदार होईल.

सनावळी एवढी पुरे: जन्म 2 मार्च 1917, बर्मिंगहॅम. घर मेथडिस्ट, पण तरुणपणी ते क्वेकर, म्हणजे मौन उपासना करणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे झाले. (ही ओळ गाळू नका. पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे.) 1937 मध्ये वास्तुरचनेचे शिक्षण पूर्ण. महायुद्धात शस्त्र न धरता क्वेकरांच्या रुग्णवाहिका पथकातून चीनमध्ये सेवा. परतीच्या वाटेवर मुंबईत जहाजासाठी मुक्काम, तिथे गांधीजींची भेट. 1945 ला पुन्हा भारत. 1948 मध्ये डॉ. एलिझाबेथ जेकब यांच्याशी विवाह. मग सुमारे 16 वर्षे पिथोरागढ, 1963 ला केरळात वागमोन, 1970 च्या सुमारास तिरुवनंतपुरम. 1985 मध्ये कॉस्टफोर्ड या कमी खर्चाच्या बांधकामासाठीच्या संस्थेच्या स्थापनेत सहभाग, 1990 मध्ये पद्मश्री. मृत्यू 1 एप्रिल 2007, तिरुवनंतपुरम.

‘गरिबांचे वास्तुविशारद’ हेही अर्धेच खरे. उल्लूर इथला सेंटर फॉर डेव्हलपमेंट स्टडीजचा सुमारे 10 एकरांचा परिसर, थंपानूरचे गोल इंडियन कॉफी हाऊस, श्रीकार्यमचे लोयोला चॅपल ही काही गरिबांची घरे नव्हेत. मध्यमवर्गीयांची कितीतरी घरे त्यांनी बांधली. गिऱ्हाईक कोणीही असो, अनावश्यक खर्च करायचा नाही, हा त्यांचा नियम होता. गरिबाला ‘स्वस्तातले’ आणि पैसेवाल्याला ‘चांगले’ अशी दोन मापे त्यांच्याकडे नव्हती. पत्रकात एकच ठळक ओळ द्यायची असेल तर ही द्या.

आणि ‘भारताचे गौडी’ (स्पेनमधले वास्तुविशारद) वगैरे तुलना कृपया नकोत.

---

थापी

भिंतीचे सांगतो. हिशेब 230 × 110 × 75 मिमी विटेचा आणि 10 मिमी सांध्याचा आहे. तुमच्याकडची वीट वेगळ्या मापाची असेल तर आधी दहा विटा ओळीने लावून सरासरी माप घ्या आणि आकडे बदला.

या बांधात वीट आडवी न ठेवता कडेवर उभी करतात. भिंतीच्या दोन्ही अंगांना एकेक वीट लांबीत उभी, दोघींच्या मधे पोकळी (230 मधून 75 दोनदा वजा केले की 80 मिमी), मग या अंगापासून त्या अंगापर्यंत एक आरपार हेडर, तोही कडेवर. पुन्हा दोन लांब, पुन्हा हेडर. एका जोडाची लांबी 325 मिमी, थराची उंची सांध्यासकट 120. एका जोडाला तीन विटा.

तुमची भिंत 1050 मिमी लांब धरू, म्हणजे जवळपास साडेतीन फूट.

तळाचा थर भरीव. नऊ विटा आडव्या, सगळ्या हेडर. नऊ गुणिले 110 म्हणजे 990, उरलेले 60 मिमी आठ सांध्यांत वाटले की साडेसात मिमीचा सांधा. बरोबर बसतो.

त्यावर सहा थर रॅट-ट्रॅप. पहिला, तिसरा, पाचवा थर हेडरने सुरू होऊन हेडरनेच संपेल: 4 हेडर आणि 6 लांब, एकूण 10. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या थरात हेडर खालच्या लांब विटेच्या मध्यावर आला पाहिजे, म्हणून दोन्ही टोकांना सुमारे 150 मिमीचे तुकडे लागतात: 3 हेडर, 4 अख्ख्या लांब, 4 तुकडे. तुकड्याला एक वीट धरली तर 11. तीन दाहे तीस आणि तीन अकरा तेहेतीस, म्हणजे 63. तळाच्या 9 मिळवून 72. फूटतूट धरून 80 मागवा. उंची साधारण 800 मिमी भरेल. वरचा थर झाकू नका, लोकांना वाकून पोकळी बघता आली पाहिजे. दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या थराच्या टोकांनाही पोकळी उघडी दिसेल, तीही तशीच राहू द्या.

नवख्या गवंड्याच्या हातून काय चुकते ते आधीच सांगून ठेवा.

पोकळीत माल पडतो. ही सगळ्यात मोठी खोड. हाताला सवय असते पूर्ण रुंदीवर माल पसरायची, आणि तसा पसरला की पोकळी निम्मी बुजते. मग उष्णता अडवणारी हवा कुठली आणि मालाची बचत कुठली? 75 मिमी रुंदीची लाकडी पट्टी पोकळीवर ठेवायची, दोन्ही कडांवर माल पसरायचा, पट्टी उचलायची. दोन थर झाले की हात बसतो.

विटेची खाच आत. कडेवर उभी केलेली वीट तिचे मोठे तोंड बाहेर दाखवते. खाच असलेली बाजू बाहेर आली तर भिंत खड्डेखड्डे दिसते आणि मग कोणीतरी म्हणतोच, ‘गिलावा करून टाकू’. हेडरची खाच मात्र बाजूच्या सांध्यात येते, ती मालाने पूर्ण भरायची.

वाकडी वीट. एकाच थरात दोन्ही तोंडे बाहेर असल्याने वीट पाच-सहा मिमी कमीजास्त असली तर एक अंग सरळ आणि दुसरे नागमोडी होते. आधी विटा निवडून घ्या. ओळंबा दोन्ही अंगांना लावा, एका अंगाला लावून भागत नाही.

कोरडी वीट. तासभर पाण्यात बुडवून, वरचे पाणी निथळल्यावर वापरायची. नाहीतर ती मालातले पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. कडेवरच्या विटेचा सांध्यावरचा टेकू आधीच अरुंद, 75 मिमीचा, त्यामुळे इथे हे जास्त नडते.

माल 1:6 सिमेंट-वाळू. बांधकाम निदान दहा दिवस आधी, सात दिवस पाणी. कार्यक्रमानंतर विटा परत वापरायच्या असतील तर चिकणमातीच्या गाऱ्यात बांधा, पण मग भोवती दोरी लावा. टेकून उभे राहणारे लोक असतातच. वजन अडीचशे किलोच्या पुढे जाईल, तेव्हा लाकडी रंगमंचावर नको, जमिनीवरच.

---

कोनाडा

फारच उपयोगी. भिंतीशेजारी फलक लावणार आहे: ‘या बांधात 25 टक्के विटा वाचतात’. चालेल?

---

थापी

या भिंतीशेजारी नको. कोणी विद्यार्थी विटा मोजेल आणि तुम्ही अडचणीत याल. 1050 बाय 800 मध्ये 72 विटा म्हणजे चौरस मीटरला 85 च्या पुढे, कारण टोकांचे तुकडे आणि भरीव थर इतक्या छोट्या भिंतीत फार जागा खातात.

लांब भिंतीचा हिशेब असा मांडा. नेहमीच्या 230 च्या भिंतीत चौरस मीटरला सुमारे 98 विटा. रॅट-ट्रॅपमध्ये एका जोडाचे क्षेत्रफळ 0.325 गुणिले 0.12, म्हणजे 0.039 चौरस मीटर, त्यात 3 विटा, म्हणजे सुमारे 77. बचत 21 टक्क्यांच्या आसपास. विटेचे माप बदलले की आकडा थोडा हलतो, म्हणून ‘20 ते 25 टक्के’ लिहा. प्रत्यक्ष घरात यातूनही थोडे कमी होते, कारण जोत्यावरचा पहिला थर, खिडकीच्या तळाचा आणि लिंटेलखालचा थर, दारा-खिडक्यांच्या बाजू हे भरीवच ठेवावे लागतात. चौकटीचा होल्डफास्ट (चौकट भिंतीत धरून ठेवणारी लोखंडी पट्टी) पोकळीत गेला तर दार दोन वर्षांत हलायला लागते.

विजेच्या नळ्या पोकळीतून नेता येतात, हा मोठा फायदा. पण त्या बांधतानाच टाकायच्या. नंतर छिन्नीने खाच पाडायला गेलात तर 75 मिमीची वीट फुटते.

---

शिंपलाचुना

फलकात फिलर स्लॅबही (काँक्रीटच्या काही भागाऐवजी हलके सामान घातलेला स्लॅब) घ्या. नमुना करू नका, पूर्ण मापाचा छेद काढून भिंतीवर लावा, पुरतो.

स्लॅब वाकतो तेव्हा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो. ताण घेते ती सळई. खालच्या भागातले काँक्रीट बव्हंशी सळई धरून ठेवण्यापुरतेच असते. मग सळयांच्या मधल्या चौकोनांत काँक्रीटऐवजी हलके काहीतरी ठेवायचे. बेकर तिथे जुनी, वापरून काढलेली मंगळूरी कौले ठेवत, एकावर एक दोन, मधे हवा. कौल ढोबळ 16 बाय 10 इंच, दोन कौलांत किमान 4 इंचांची पट्टी, म्हणजे 20 बाय 14 च्या चौकोनात 57 टक्के जागा कौलाची. साडेचार इंची स्लॅबमध्ये कौलांची जोडी अडीच इंच धरली आणि वर 2 इंच काँक्रीट ठेवले, तर मधल्या भागातले 30 टक्क्यांच्या आसपास काँक्रीट वाचते. कडेला आणि आधारांजवळ स्लॅब भरीव ठेवावा लागतो, म्हणून पूर्ण खोलीचा आकडा त्याहून कमी. वजन घटले की सळईही घटते, पण ती किती हे अभियंत्याने काढायचे. कौले बघून अंदाजाने नाही.

तीन चुका नेहमीच्या: कोरडी कौले (पाणी ओढतात, भोवतीचे काँक्रीट पोकळ राहते), ओतताना कौलावर पाय देणे (फळ्या टाकून चाला), आणि पंख्याचा हुक विसरणे. नंतर कौलात भोक पाडून पंखा टांगता येत नाही.

---

उंबरा

प्रार्थनेबद्दल आणि एलिझाबेथबाईंबद्दल.

भजने चुकीची नाहीत, पण बेकर ज्या पंथाचे होते त्याची उपासना मौनाची. परंपरागत क्वेकर सभेत पाळक नाही, वेदी नाही, ठरलेला क्रम नाही. सगळे शांत बसतात. कोणाला आतून बोलावेसे वाटले तर तो उठतो, थोडे बोलतो, बसतो. पुन्हा शांतता. मृत व्यक्तीच्या स्मरणाची सभाही याच पद्धतीची. दीड तासांतली 20 मिनिटे यासाठी काढा.

खुर्च्या रांगांत न मांडता गोलात किंवा समोरासमोर मांडा. व्यासपीठ, ध्वनिक्षेपक, समई-फोटो-हार काही नको. सुरुवातीला एकाने दोन वाक्यांत पद्धत सांगायची: एका व्यक्तीने एकदाच बोलायचे, दोन मिनिटांच्या आत, आधीच्या बोलणाऱ्याला उत्तर द्यायचे नाही, टाळ्या नाहीत. दोन बोलण्यांच्या मधे थोडा वेळ जाऊ द्यायचा. आधी ठरवलेले दोघे शेवटी एकमेकांशी हस्तांदोलन करतात, मग सगळे करतात, आणि सभा संपते. घड्याळ त्या दोघांनीच बघायचे.

बिघडते कुठे, तर पहिल्या चार मिनिटांत. कोणी बोलत नाही म्हणून आयोजक अस्वस्थ होतो आणि बासरी लावतो, नाहीतर ‘आता अमुक सर दोन शब्द बोलतील’ म्हणून मोकळा होतो. तिथेच ती सभा संपते आणि नेहमीची शोकसभा सुरू होते. कोणीच बोलले नाही तरी सभा झाली असे धरतात, हे आयोजकालाच आधी समजावून ठेवा.

चर्चमधल्या ज्येष्ठांना वाचन हवेच असेल तर ते मौनाच्या आधी घ्या, लहान ठेवा. पर्वतावरील प्रवचनातला एखादा उतारा चालेल. विद्यार्थ्यांना एक गोष्ट दाखवून द्या: ज्यांच्या उपासनेला वेदीही लागत नाही, त्या माणसाने जेझुइटांच्या शाळेत लोयोला चॅपल बांधले आणि तिरुवल्लाचे सेंट जॉन कॅथेड्रलही. लोयोलात उंच दुहेरी भिंती आहेत, आडव्या विटांनी एकमेकींना बांधलेल्या, आणि दोन्हींत जाळीची भोके. उजेड आत येतो तो चाळून येतो. रंगीत काचेचा खर्च नाही. श्रद्धा कुठे दिसते असे कोणी विचारलेच तर त्या भिंतीचा फोटो लावा, खाली मजकूर नको.

आता एलिझाबेथबाई. मूळच्या केरळच्या, शिक्षणाने डॉक्टर. ‘साथ दिली’ हे वाक्य उलटे केले तर निदान पिथोरागढपुरते जास्त खरे ठरते. लग्नानंतर दोघे त्या डोंगराळ भागात गेले, डॉक्टर आल्याचे कळताच आजूबाजूच्या गावांतून रोगी यायला लागले, आणि मुक्काम सोळा वर्षांचा झाला. दवाखाना बाईंचा. बेकर तो बांधणारे, दुरुस्त करणारे, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देणारे, कारण युद्धकाळातल्या पथकात ते हे काम शिकले होते. तिथल्या घरांचा दगड, माती, लाकूड त्यांनी पाहिले ते या काळात. पाश्चात्त्य शिक्षणात जे मिळाले नव्हते ते स्थानिक गवंड्यांनी डोळ्यांपुढे ठेवले. म्हणजे वास्तुविशारद बेकर घडले ते बायकोच्या दवाखान्याच्या अंगणात, असे म्हटले तर अतिशयोक्ती नाही. 1963 नंतर वागमोनलाही आधी दवाखानाच.

तीन मुलांचे घर होते ते. मुलांची नावे, ती काय करतात, हे पत्रकात घालू नका. तिरुवनंतपुरमला नालंचिरा भागातले त्यांचे ‘हॅम्लेट’ हे घर दाखवा, त्यातून कुटुंब पुरेसे कळते. खडकाळ उतार सपाट न करता घर उताराप्रमाणे चढत-उतरत गेले आहे. खोल्या एकदम नाही, गरजेप्रमाणे वाढत गेल्या. जुनी पाडलेली घरे विकली जात तिथले लाकूड, दारे, कोरीव तुकडे आणून बसवलेले. भिंतीत रंगीत बाटल्यांची बुडे. घर कधी ‘पूर्ण’ झाले असे त्याच्याकडे बघून सांगता येत नाही.

---

पाणसळ

गांधीजींच्या भेटीबद्दल पत्रकात एक काळजी घ्या. दोन गोष्टी नेहमी एकत्र मिसळल्या जातात. एक, बेकर यांच्या पायांतले कापडाचे हाती शिवलेले चिनी जोडे गांधीजींच्या नजरेत भरले आणि बोलणे सुरू झाले. दुसरी, घर पाच मैलांच्या परिसरात मिळणाऱ्या सामानातून बांधावे, हे गांधीजींचे मत. बेकर यांनी ते आयुष्यभर उद्धृत केले, पण शब्दशः नियम म्हणून पाळले नाही. सिमेंट आणि पोलाद त्यांनी वापरले. वापर कमीत कमी ठेवला, एवढेच. ‘बेकर सिमेंटचे शत्रू होते’ असे लिहाल तर शिंपलाचुना यांचा फिलर स्लॅबचा छेद शेजारीच तुम्हाला खोटे पाडेल.

‘बेकर-शैली’ हा शब्दही टाळलेला बरा. उघडी वीट, गोल भिंत आणि जाळी लावून महागडी घरे बांधतात आणि त्यांना हे नाव देतात. पश्चिमेच्या पावसाच्या तोंडावर, पुरेसे छप्पर पुढे न काढता जाळी ठेवली की पहिल्याच पावसाळ्यात आत पाणी येते आणि मग दोष बेकर यांच्या माथी.

---

कोनाडा

‘थोर मिशनरी’ काढले. भजने मौनाआधी एकच, ध्वनिक्षेपक बंद. फलकावर 98 आणि 77 हे दोन्ही आकडे हिशेबासकट देतो. एक शेवटचे: नमुन्याच्या भिंतीत रंगीत बाटली बसवता येईल का? मुलांना आवडेल.

---

थापी

येईल. हेडरच्या जागी बसवा. तिथे 75 बाय 110 ची आरपार जागा मिळते आणि बाटलीचा व्यास साधारण तेवढाच असतो. एका बाटलीची लांबी जुळत नाही, म्हणून दोन बाटल्यांची बुडे कापून, तोंडाला तोंड लावून, चिकटपट्टीने जोडा. एकूण लांबी भिंतीएवढी, 230. आतून आधी धुऊन पूर्ण वाळवा, थेंबभर पाणी राहिले तरी आत वाफ धरते आणि काच कायमची धुरकट दिसते. बाटलीच्या वर-खाली माल ठासून भरा आणि बुडावर लागलेला माल ओला असतानाच फडक्याने पुसा. तिसऱ्या थरात, मधल्या दोन हेडरपैकी एकाच्या जागी घाला. टोकाचा हेडर काढू नका, आणि दोन्ही मधले एकदम काढू नका. भिंतीमागे साधा दिवा ठेवा, वरून झाकलेला, नाहीतर उजेड उघड्या पोकळीतून वर येईल आणि बाटली मंद दिसेल.

विटा मग 71.